भेकरांच्या पानातलं मीठ

कापडे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे. वाडीमागची खिंड चढून पलीकडं उतरलं की एक उघडी तांबडी जागा लागते. तिथं गवत धड उगवत नाही. माती चाटून चाटून मधे खळगा पडलाय आणि खळग्याभोवती भेकरांच्या खुरांची नक्षी असते. वाडीत सगळे तिला चाटण म्हणतात. मागं एकदा मुंबईहून आलेला एक शिकलेला माणूस ती जागा बघून आला आणि माझ्या ओटीवर बसून मलाच सांगू लागला, "बाबा, ही जागा फार जुनी असणार. पिढ्यान् पिढ्या जनावरं तिथं येत असणार." मी म्हटलं, असेल. ती जागा मी डोक्यावरून तिथं नेऊन ठेवली आहे, हे त्याला सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं म्हातारा चळला.

म्हणून लिहून ठेवतो. शाळा माझी तिसरीपर्यंत. मास्तरांचं आणि माझं बाकी सगळं पटत होतं, फक्त शाळेवरून पटलं नाही. तेव्हा अक्षराला हसू नका. गोष्ट खरी आहे.

भेकर ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेळीएवढं हरण, अंग तांबूस, शिंगं आखूड, आणि ओरडतं ते कुत्र्यासारखं. तोंड मात्र फार चोखंदळ. गवताचं रान समोर असलं तरी ते जाऊन कोवळा शेंडा शोधणार. आणि आमच्या वाडीत मार्गशीर्षात कोवळा शेंडा म्हणजे वालाचा.

भात कापलं की खाचरात जी ओल राहते तिच्यावर आम्ही वाल टाकतो. कडवे वाल. आमचं सगळ्यात वरचं खाचर रानाला लागून, तिथं वाल फार चांगला येई. ते खाचर माझं, पण वाल माझ्या बायकोचा. हा फरक तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला समजावला होता. ती वरंधची. सासरी निघताना तिच्या आईनं ओटीत नारळाबरोबर ओंजळभर वाल टाकले होते, त्या बियाचा हा वंश. दाणा बारीक, तपकिरी, कडेला पांढरी रेघ. बिरडं केलं की आधी गोडसर लागतं आणि घास गिळताना जिभेच्या मुळाशी कडू येतं. बाजारातला वाल सुरुवातीपासूनच कडू असतो. मला हा फरक कळायला काही वर्षं गेली. तिच्या भावाला पहिल्या घासाला कळायचा.

हा तिचा थोरला भाऊ दरवर्षी शिमग्याला आमच्याकडं येई, बिरडं खाई आणि जाताना पिशवीभर वाल घेऊन जाई. कारण वरंधला त्यांच्या घरचं बी राहिलं नव्हतं. एका पावसाळ्यात मडक्याला भुंगा लागला आणि उघडलं तेव्हा आत नुसतं पीठ. आई तोवर वारली होती. भावानं दोनदा आमच्याकडून बी नेऊन पेरलं, पण त्यांची जमीन पडली सगळी दगडाची, काही जमलं नाही. तेव्हा आईचं बी राहिलं ते आमच्याच घरात, चुलीमागच्या फळीवर, राखेत घोळवून गाडग्यात भरलेलं.

आणि वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लागल्या तेव्हापासून भेकरं खाली उतरायला लागली.

पहिल्या वर्षी त्यांनी निम्मा वाल खाल्ला. मी करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. दुसऱ्या वर्षी कुंपणावरून उडी मारून खाल्ला. बुजगावणं केलं, त्याला माझाच जुना सदरा घातला. बायको म्हणाली, "सदरा तुमचा हाय, म्हनून घाबरत नसतील." दोन्ही वर्षं शिमग्याला तिनं पोलादपुरातनं वाल विकत आणून बिरडं केलं. दोन्ही वर्षं भावानं पहिला घास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दाजी, भेकरं बरी हायेत ना?"

तिसऱ्या वर्षी भात कापून झालं आणि बायकोनं गाडगं उतरवून माझ्यासमोर ठेवलं. तळाला बी होतं. मुठी मोजायला गेलं तर मोजणं लवकर संपलं असतं.

"ह्ये येवढंच हाय," ती म्हणाली. "पेरलं आन खाल्लं, तर संपलं. नाय पेरलं, तर पुढल्या वर्षी उगवायचं नाय. आता काय करायचं ते तुमी सांगा. पन सदरा नको."

मी म्हटलं, "पेर. या वर्षी एक भेकर खाली येनार नाय."

"का, त्यांनी सांगितलंय?"

"माज्याकडं उपाय हाय."

उपाय मला कोणी शिकवला नव्हता. मी स्वतः बघितला होता. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, धनगराकडं तूप आणायला मी जात असे. तो म्हशींसाठी एका कातळावर खडे मीठ ठेवायचा. म्हशी गेल्या की त्या कातळावर सकाळी भेकरं येत. कातळ चाटून चाटून पाटीसारखा गुळगुळीत झाला होता. मी तिथंच विचार केला की या जनावराला मिठाची भूक आहे. रानात त्याला मीठ कोण देणार? म्हणून ते हिंडतं, हिंडता हिंडता खाली येतं, आणि खाली आलं की वाल दिसतो. मग त्याला वरच मीठ दिलं तर ते खाली कशाला येईल? अजूनही यात मला काही खोट दिसत नाही.

आता मीठ. घरातलं मीठ भेकरांना घालायचं म्हणजे बायकोला विचारावं लागणार. म्हणून मी महाडच्या बाजाराला गेलो. तिथं सुक्या मासळीच्या रांगेत एक कोळीण बसत असे. खाऱ्या बांगड्याच्या टोपल्या रिकाम्या झाल्या की तळाला भुऱ्या रंगाचं ओलसर मीठ राही, ते ती मागच्या गटारात झटकत असे. मी म्हटलं, ते मला दे.

"न्या ना दादा. पन करनार काय याचं?"

"भेकरांना घालायचंय."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "गो, यांच्या रानातली भेकरं बांगडा खातात." आणि मला म्हणाली, "थोडी सुकटपन न्या, तोंडी लावायला."

मी सुकट घेतली नाही. मीठ मात्र गोणपाटात बांधून घेतलं. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी पोलादपूरपर्यंत कोणी बसलं नाही, त्यामुळं प्रवास ऐसपैस झाला.

वालाच्या खाचराच्या वर, हाकेच्या अंतरावर, भेकरांची उतरायची वाट होती. तिथंच मी खड्डा केला. तांबडी माती, राख आणि ते मीठ कालवून भरलं आणि पायानं चोपून काढलं. येणाऱ्याला वाटेतच थांबवायचं, हा माझा हिशेब. बायको खाली वाल टाकत होती. ती वर आली, पदर नाकाला लावून उभी राहिली.

"पाव्हन्याला ओटीवर चा दिला म्हंजे तो सैपाकघरात येत नाय, असं तुमी कदी बघितलंय?"

"भेकर पाव्हना नाय."

"नाय कसा? आता तुमी बोलावलंत की."

पहिल्या दिवसापासून चाटणावर गर्दी झाली, हे खरं. पण कुत्र्यांची. वाडीतली झाडून सारी कुत्री वर जाऊन बसली. एरवी हीच कुत्री भेकराच्या वासाला खाचराकडं धावायची, जे काय थोडं राखण होतं ते त्यांचंच. आता ती मिठाभोवती आडवी होऊन माती चघळत पडली. मग कोल्हे आले, कुत्र्यांची आणि त्यांची जुंपली. कावळे तर दिवसभर. समोरच्या घरातला माझा चुलतभाऊ रोज सकाळी अंगणातून ओरडून विचारायचा, "काय रे, आज डोंगरावर बाजार काय भाव?" त्याचा असा समज होता की मी कुठंतरी बंदूक लपवलीय आणि हे सगळं शिकारीसाठी चाललंय. शिकारीला तेव्हा बंदी येऊन काही वर्षं झाली होती, पण जुनी सवय, सावज पडलं की वाडीत घराघराला वाटा जातो. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बंदूक कुटं हाय ते नको सांगूस. वाटा तेवढा मोठा दे."

"मी त्यांना मारनार नाय. जेवायला घालतोय."

"मंग माजं काय चुकलं? मलाबी घाल."

त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

मग मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला. दोन सरी जोरात पडून गेल्या. तूर आडवी झाली, पेंढा भिजला, लोक आभाळाला नावं ठेवत होते. मी एकटा खूश होतो. कारण बांगड्याचा वास त्या पाण्यात धुऊन गेला आणि मीठ मातीत खोल मुरलं. कुत्री दोन दिवसांनी कंटाळून घरी आली. आणि त्यानंतर एका सकाळी मी वर गेलो तर खड्ड्याभोवती बारीक खुरं उमटलेली. दोन टोकं असलेली, बदामाची फोड मधोमध चिरावी तशी. एक नाही, पुष्कळ. माती जिभेनं ओढून ओढून खरवडलेली.

मी धावत खाली आलो आणि बायकोला हात धरून वर नेलं. "बघ. आली का नाय?"

ती वाकून बघत राहिली. तिलाही बरं वाटलं असावं. पण तसं ती म्हणेल कशी. म्हणाली, "आलीत खरी. आता यांना सांगा, हितंच बसा."

त्याच आठवड्यात वालाचा वरचा सगळा पट्टा खुडला गेला. दोन वर्षांत एवढा एका झटक्यात कधी गेला नव्हता.

मी म्हटलं, योगायोग आहे. बायको खाचरात बसून एकेका खुंटाला बोट लावून बघत होती, कुठं बगलेला फुटव्याचा डोळा राहिलाय का. मी बांधावर उभा राहून योगायोगाबद्दल आणखी थोडं बोललो.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला आम्ही दोघं बांधाच्या आड जाऊन बसलो. ती घोंगडी पांघरून, मी तसाच, कारण घोंगडी एकच होती आणि मी थंडी वाजत नाही असं सांगून बसलो होतो. उजाडताना पाच-सहा भेकरं वरनं आली. मागं एक पाडस. शांतपणे खड्ड्याशी उभी राहिली आणि चाटायला लागली. किती वेळ चाटत होती. जिभेचा खरखर आवाज आम्हाला ऐकू येत होता. तिनं काहीतरी म्हणावं म्हणून मी तिच्याकडं बघितलं.

मग एका भेकरानं मान वर केली, ओठ चाटले आणि सरळ खाली चालू लागलं. बाकीची मागोमाग. वालाला शिंपायला मी पऱ्यात डवरा, पाणी साठायचा खड्डा, खणला होता. पऱ्या म्हणजे आमचा ओढा. वरचं पाणी तेव्हा आटत आलेलं, आमच्या बाजूला पाणी होतं ते त्या डवऱ्यातच. आणि डवरा वालाला लागून. भेकरं ओळीनं पाणी प्यायली. एवढं मीठ खाल्ल्यावर कोण पिणार नाही? पाणी पिऊन माना वर केल्या, तर समोर वाल.

बायको घोंगडीतून माझ्या कानाशी बोलली. "पानात मीठ आदी वाढतात, मग भाजी. तुमी मीठ वाढलंत. पानी ठेवलंत. आता त्यांनी भाजी घेतली तर त्यांचं काय चुकलं?"

मी उठून ओरडलो तेव्हा ती पळाली. पाडस जाता जाता एक शेंडा तोंडात धरून गेलं.

ती हसली नाही. घोंगडी माझ्या अंगावर टाकली आणि घरी गेली. मी वर जाऊन खड्ड्यावर काट्या रचल्या. दुसऱ्या सकाळी काट्यांच्या कडेनं माती खरवडलेली. पावसानं मीठ हातभर खाली आणि तितकंच आजूबाजूला पसरवलं होतं. बांगड्याचं मीठ होतं तोवर उचलता आलं असतं, आता ते डोंगराचं झालं होतं.

बायकोनं मला न विचारता महाड-भोर गाडीच्या कंडक्टरबरोबर वरंधला निरोप धाडला. निरोप एवढाच होता की आईचं बी चाललंय, ये.

भाऊ तिसऱ्या दिवशी आला. अंगानं भरलेला, खांद्यावर पंचा, चढ चढून धापा टाकत. पाणी पिण्याआधी म्हणाला, "दाजी, शिमग्याला येऊन इच्यारनार होतो, पन राहवलं नाय. भेकरं बरी हायेत ना?"

"झ्याक हायेत," मी म्हटलं. "तुमच्यावानी अंगानं भरलीत."

तो खाचरात जाऊन आला तेव्हा त्याची थट्टा संपली होती. बांधाच्या कडेला, करवंदीच्या जाळीत आत घुसलेले काही वेल तेवढे शाबूत होते. बाकी खुंट. तो ओटीवर बसला आणि मला म्हणाला, "आता काय?"

मी रात्रभर विचार करून ठेवला होता. म्हटलं, "मीठ उचलता येत नाय. मंग जागाच उचलायची."

"कुटं?"

"खिंडीपलीकडं. तिकडच्या पऱ्याला उन्हाळ्यापतूर पानी असतं. खाली कोनाचं शेत नाय, नुसतं रान. चाटतील, पितील, तिकडंच राहतील."

भाऊ बायकोकडं वळला. "बाय, ह्ये डोंगर उचलायला निगालेत."

"ठेवला त्यांनीच," ती म्हणाली, आणि कुदळ आणायला उठली.

तर आम्ही तिघांनी ती जागा हलवली. बायको खणून पाट्या भरी, आम्ही दोघं डोक्यावर घेऊन खिंड चढून पलीकडं जाऊ, टाकू, रिकामी पाटी घेऊन परत. माती खारट, ओली, जड, कानावरनं घामाबरोबर ओघळायची आणि ओठांवर चव यायची. पहिली खेप झाल्यावर भाऊ म्हणाला, "दाजी, दमला असाल तर बसा." मी म्हटलं, "तुमीच बसा, तुमी पाव्हनं." तो म्हणाला, मी काय दमलो नाय. मी म्हटलं, मीपण नाय. झालं, त्यानंतर दोघांनाही बसता येईना. बायको पाट्या आणखी शिगेला लावून भरायला लागली. मी एकदा म्हटलं, "गो, जरा कमी भर." तर भाऊ लगेच, "माजी हाय तशीच भर, बाय." मग मलाही म्हणावं लागलं की माझीपण तशीच भर.

चुलतभाऊ अंगणात उभा. "काय रे, डोंगर कुटं न्यायचा ठरला?"

"दाजींना तो हितं आवडत नाय," मेहुणा वरनं ओरडला. "तिकडं बरा दिसंल म्हनतात."

"मंग माजं घरपन जरा सरकवा. सकाळचं ऊन येत नाय."

दुपार कलली तेव्हा खड्डा मोठा झाला होता आणि माती चाखून बघितली तर अळणी लागली. होय, चाखून बघत होतो, दुसरा उपाय काय होता? आम्ही त्यात दगड भरले आणि वर शेणकाला ओतला, म्हणजे वासानं जनावर तोंड लावणार नाही. डवऱ्यावर काट्यांची झापं घातली. पलीकडं नेलेली माती एका सखल जागी चोपली. पण मला ती फिकी वाटली. एवढी मेहनत करून भेकरांनी ओळखलंच नाही तर? मी घरी आलो, चुलीपाशी मिठाचं मडकं होतं ते उचललं आणि नेऊन त्या मातीत सगळं कालवलं.

संध्याकाळी बायकोनं भाकऱ्या टाकल्या, वांग्याची भाजी केली, आणि मिठासाठी हात घातला तर मडकं रिकामं. तिनं ते उलटं करून बघितलं. मग आमच्या दोघांकडं बघितलं. मी बाहेर बघत होतो.

तशीच वाढली. भावानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "दाजी, आमीपन खिंडीपलीकडं जाऊन चाटून येयाचं काय?"

त्या महिन्यात पहिल्यांदा माझी बायको हसली. भाकरी तव्यावर करपेपर्यंत हसली. चुलतभावाच्या घरातनं वाटीभर मीठ मागून आणावं लागलं, आणि वाटी देताना तो जे बोलला ते मी लिहीत नाही.

भेकरं जुन्या जागी आणखी काही दिवस आली. शेण हुंगलं, भुंकली, गेली. मग खाली येणं कमी झालं. मी खिंडीवर जाऊन बघितलं तर पलीकडं नव्या मातीवर खुरं. तो सड्यावरचा धनगरही एकदा म्हणाला की तुमच्या खिंडीपलीकडं भेकरांची जत्रा भरते. मी म्हटलं, भरणारच. मी बोलावलीत.

काही जण म्हणतात की त्या वर्षी मी चुकलो. बायको तर सांगायचं सोडत नाही. मी शांतपणे ऐकून घेतो. भेकरांना मिठानं बोलावता येतं असं मी म्हणालो होतो. बोलावलं, आली. यात चूक कुठं आहे ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. जागेचा प्रश्न वेगळा. आणि जागा तर मी हलवून दिली.

शिमग्याला भाऊ आला. करवंदीच्या जाळीतल्या वेलांना शेंगा लागल्या होत्या, वाळल्या होत्या, बायकोनं त्या सोलून सुपात ठेवल्या होत्या. सगळे मिळून दोन ओंजळी भरतील एवढे दाणे. बारीक, तपकिरी, कडेला पांढरी रेघ. भाऊ जेवायला बसला. तिनं पान मांडलं, मीठ वाढलं, आणि मग पिठलं वाढलं. बिरडं नाही. गेली दोन वर्षं ती बाजारातले वाल आणून फसवायला बघत होती, या वर्षी तसंही केलं नाही.

भावानं पानाकडं बघितलं, सुपाकडं बघितलं. पिठलं भाकरी खाल्ली, दोनदा मागून घेतली.

हात धुऊन आल्यावर तिनं सूप मधे घेतलं. एक ओंजळ भरली आणि त्याच्या पंचाच्या टोकाला बांधली. घट्ट गाठ मारली. दुसरी ओंजळ राखेत घोळवून गाडग्यात टाकली.

"एक घर चुकलं तर दुसऱ्यात असावं," ती म्हणाली. "गेल्या खेपेला बांधाखाली टाकलं होतंस, तिथं दगड. आता घरामागं परड्यात टाक. आन आदी मडकं उन्हात तापव, मंग बी भर. आई तापवायची."

"मला म्हाईत हाय."

"म्हाईत होतं तर भुंगा कसा लागला?"

त्यानं पंचाची गाठ उगाच पुन्हा घट्ट केली. मला फार बरं वाटलं. या घरात माझ्याशिवाय आणखी कोणाला बोलणी बसतात हे बघायला मला वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं.

पुढल्या वर्षी वाल टाकायच्या आधी मी खड्याचं मीठ नीट विकत आणलं, गोणपाट खांद्यावर टाकलं आणि खिंड ओलांडून चाटणावर घालून आलो. तेव्हापासून दरवर्षी भात कापलं की पहिलं काम ते. गुडघे दुखायला लागले तरी दुसऱ्या कोणाला जाऊ देत नाही, कारण दुसऱ्यांना जागा कळत नाही. त्या वर्षी वाल कमरेपर्यंत आला. एक-दोन भेकरं चुकून उतरली, खाऊन गेली. तेवढं चालायचं. भावाच्या परड्यातही थोडा आला.

आणि शिमग्याला बायकोनं बिरडं केलं. पान मांडलं, मीठ वाढलं, मग बिरडं. ती चुलीपाशी पाठ करून बसली, पण भाकरी थापायची थांबली होती. भावानं घास घेतला. चावला. गिळला, आणि जिभेच्या मुळाशी कडू येईपर्यंत दुसरा घास उचलला नाही. मी त्याच्याकडं बघत होतो. यंदा भेकरांची चौकशी आली नाही.

"काय रे?" बायकोनं न वळता विचारलं.

"मीठ कमी हाय, बाय," तो म्हणाला.

"ते तुज्या दाजींना सांग. या घरातलं मीठ आदी खिंडीपलीकडं जातं, उरलं तर चुलीपाशी येतं."

"आनखी वाढ," तो म्हणाला आणि पान पुढं केलं.

तिनं वाढलं. मग माझ्या पानात वाढलं. मी चाखलं. मीठ बरोबर होतं. पण त्या दिवशी तेवढं बोलायचं राहून गेलं.